आपली नम्र, जयवंता

ललिता मॅडमवर गावातली कुत्रीसुद्धा भुंकत नसत, इतकी त्यांची पावलं ओळखीची झाली होती. अंजनगाव सुर्जीजवळच्या त्या गावात, आठवीपर्यंतच्या शाळेत, त्यांनी वीस वर्षं काढली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या पोरांच्या घरी निघायच्या. कोणी चहा टाकायचं, कोणी मॅडम येताना दिसल्या की मागच्या दारानं पसार व्हायचं. मॅडम हटायच्या नाहीत. ओट्यावर बसायच्या. कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, कोणाचा बाप आठ दिवस बोलला नाही, हे त्यांना हजेरी घेण्याआधीच ठाऊक असायचं.

मग कोरोनात शाळा बंद झाली आणि मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर पालकांचा ग्रुप काढला. आठवडाभरात त्यावर गुलाबाच्या फुलांचा आणि शुभ सकाळचा असा काला झाला, की त्यांनी पालकांचं लिहिणंच बंद केलं. ग्रुपवर फक्त मॅडम लिहिणार. कोणाला काही सांगायचं असेल तर त्यांच्या नंबरवर वेगळं कळवावं. शाळा पुन्हा भरली, तरी शनिवारच्या फेऱ्या काही सुरू झाल्या नाहीत. मॅडम गुडघ्यांचं कारण सांगायच्या. खरं म्हणजे घरबसल्या भागत होतं.

त्यातही जयवंताची उत्तरं आली की मॅडम हरखून जायच्या. जयवंता म्हणजे भावनाची आई; भावना मॅडमच्या वर्गात आली ती फेऱ्या बंद झाल्यावर. नवरा वारलेला, घरात मायलेकी दोघीच. रोजमजुरी बुडते म्हणून ती पालकसभेला कधी आली नाही. पण निरोप गेला की संध्याकाळपर्यंत उत्तर हजर, तेही 'आदरणीय मॅडम, सा. न. वि. वि.' पासून 'कळावे, आपली नम्र, जयवंता' पर्यंत. तालुक्याला शिक्षकांच्या बैठकीत मॅडमनी ती उत्तरं पडद्यावर दाखवली. "पालकांशी संवाद असा वाढतो," त्या म्हणाल्या, आणि टाळ्याही घेतल्या. तसंच पत्र लिहायला आपण आठवीच्या वर्गाला शिकवतो, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

भावना आठवीत पहिली आली. पुढं गावात शाळा नव्हती. अमरावतीच्या मुलींच्या वसतिगृहासाठी शाळेतून एक नाव द्यायचं होतं, आणि ते भावनाचंच, हे मॅडमनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांनी जयवंताला निरोप पाठवला. उत्तर आलं: 'आदरणीय मॅडम, सा. न. वि. वि. भावनाला वसतिगृहात पाठवणे आम्हाला शक्य नाही. कृपया पुन्हा विचारू नये. कळावे.'

ते 'पुन्हा विचारू नये' मॅडमना फार झोंबलं. एवढा जीव लावला आणि हे ऐकायचं? त्यांनी दुसऱ्या मुलीचं नाव धाडून दिलं. जयवंताचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं. मॅडम गेल्या नाहीत.

चार वर्षांनी अंजनगावच्या बाजारात भाजी घेताना एक बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मॅडमनी ओळखलं नाही.

"जय भीम मॅडम. मी जयवंता, भावनाची माय."

"अगं बाई! भावना कशी आहे?"

"तेल्हाऱ्याले देल्ली. पोरगं झालं आता तिले." जयवंतानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "एक इचारू का जी? चार साल झाले, पोटात धरून आहो. माह्या पोरीचं नाव तुमी काहून घेतलं नाही? पयली आल्ती ना ते?"

मॅडम गोंधळल्या. "तूच तर नाही म्हणालीस."

"मी? मी तं पेटी घेऊन ठेवली होती तिच्यासाठी! मले फिट येते, म्हून पोरगी जाऊ नाही म्हने. मी म्हटलं, शेजारीन पायते मले. समोर बसवून मेसेज लिवाले लावला तिले. लिव म्हटलं, मॅडम, पोरीले घेऊन जा, मी राह्यतो एकटी. मंग पोरगीच म्हने, मॅडमनं दुसरीचं नाव देल्लं."

जयवंताला फिट येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका शनिवारी त्या ओट्यावर बसल्या असत्या तरी कळलं असतं. आता ती पोर मायला सोडून तेल्हाऱ्याला नांदत होती, आणि शाळाही गेली होती.

त्यांनी मोबाईल काढला. तो निरोप अजून होता. त्यांनी पडदा जयवंतापुढं धरला.

"मले काय वाचता येते जी? तुमीच वाचा."

मॅडमनी चष्मा सारखा केला. अक्षरं डोळ्यांपुढं पुसट झाली होती, आणि तसंही ती वाचायची नव्हतीच.

"'आदरणीय मॅडम, सा. न. वि. वि. भावनाला घेऊन जा. मी एकटी राहीन. कळावे, आपली नम्र, जयवंता.'" त्यांनी मोबाईल पिशवीत टाकला. "तिनं बरोबर लिहिलं होतं. मीच पाहिलं नाही. चूक माझी आहे, जयवंता."

"एक डाव घरी आल्या असत्या तं, मॅडम," जयवंता एवढंच म्हणाली.

मग जयवंतानं पदराच्या गाठीतून आपला फोन काढला आणि तिथंच लेकीला लावला. "भावना, मॅडम भेटल्या व. त्याइनं मेसेज वाचून दाखवला मले. तू बराबर लिवला होता, मॅडमनंच नाही पायला."

जयवंतानं फोन कानापासून दूर करून पाहिला, पुन्हा कानाला लावला.

"रडून राहिली येडी," ती मॅडमना म्हणाली. "आता रडून काय होते?"