चौघींना एकच सुट्टी

ढग खिडकीतून खोलीत शिरतो हे मी पहिल्यांदा ऐकलं ते टेलिफोनवर, तेही ड्युटीवर असताना.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी नागपूरला ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. बाहेरगावी फोन करायचा तर लोक आधी आमच्याकडे नंबर नोंदवत. मग आम्ही वाटेतल्या गावांच्या ऑपरेटरांना हाका मारत मारत लाइन जोडत नेत असू. चिखलदऱ्याचा कॉल म्हणजे नागपूर, अमरावती, परतवाडा आणि मग घाट चढून चिखलदरा. ऑपरेटर एकमेकांना नावानं ओळखत नसत. मी "नागपूर", पलीकडची "परतवाडा". डोंगरावरचा जो होता त्याचा आवाज मात्र इतका भारदस्त, इतका सावकाश, की आम्ही सगळ्या त्याला काका म्हणायचो.

श्रावणातली दुपार होती. पावसानं दडी मारलेली. हेडसेटची पट्टी घामानं डोक्याला चिकटत होती. मी चिखलदरा मागितलं तर काका म्हणाले, "नागपूर, एक मिनिट थांबा. ढग आत येऊन राहिला, खिडकी लावून घेतो."

मी थांबले. खिडकी लागल्याचा आवाज मला दीडशे मैलांवरून ऐकू आला. मग ज्याला फोन होता ती पार्टी लाइनवर आली, बोलली, कॉल संपला. मी पुढचा नंबर घेतला, पण लक्ष काही पुढच्या नंबरावर जाईना.

जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगितलं. आम्ही चौघी डबे एकत्र उघडायचो. सगळ्यांत वडील ताई, हिंगण्याकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं, नोकरीला बावीस वर्षं झालेली, गुडघे कायम दुखत. दुसरी जबलपूरची, नागपूरला सून म्हणून आलेली. तिसरी आमच्यातली धाकटी, तिचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलेलं.

"मग जाऊ ना आपण," धाकटी म्हणाली. "शनिवारी जाऊ, रविवारी परत."

ताई हसल्या. "शनिवार-रविवार दुसऱ्याईले असते वं. आपल्याले कुठून आला?"

खरं होतं. एक्सचेंजला कुलूप कधी लागत नसे, म्हणून सुट्ट्या वाटून दिलेल्या. ताईंना गुरुवार, मला मंगळवार, जबलपूरचीला शुक्रवार, धाकटीला रविवार. चार वर्षं शेजारी शेजारी बसून काम केलं, पण चौघींनी मिळून कोणाच्या घरी हळदीकुंकवालासुद्धा पाय ठेवला नव्हता.

मी शाळेत गणितात बरी होते. त्या संध्याकाळी प्रताप नगरातल्या आमच्या घरी (तेव्हा तिथे घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त) मी पट्टी घेऊन एका मोठ्या कागदावर रकाने आखायला बसले.

आधी तारीख ठरवायची होती. ताईंनी पंचांग आणलं. महालक्ष्म्यांच्या आत निघणं शक्य नव्हतं. नवरात्र लागलं की उपास, त्यानंतर संत्र्याचा बहार आणि व्यापाऱ्यांचे दिल्ली-कलकत्त्याचे अर्जंट कॉल, त्यानंतर दिवाळी, आणि मग धाकटीचं लग्न. उरला पितृपक्ष. पक्षात कोणी लग्न ठरवत नाही, नवं दुकान काढत नाही, त्यामुळे फोनही कमी. पण पक्षात घरोघरच्या तिथी असतात. माझ्या सासऱ्यांची पंचमी पहिल्या रविवारी येत होती. ताईंच्या वडिलांची दशमी त्यानंतरच्या शुक्रवारी. तिच्या दुसऱ्या दिवशीचा शनिवार आणि रविवार, एकादशी आणि द्वादशी, एवढी एकच फट राहिली.

"एकादशीले मले साबुदाणा लागंल," ताई म्हणाल्या. म्हणजे त्या यायला तयार होत्या.

चौघींच्या मिळून सात ड्यूट्या दुसऱ्या कोणाला तरी द्यायच्या होत्या. मी एकेकीकडे गेले. एकीला दसरा हवा होता, तो ताईंनी दिला. दुसरीला भावाच्या साक्षगंधाचा दिवस हवा होता, तो जबलपूरचीने दिला. तिसरी म्हणाली, "मला लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ दे." मी एक दिवस विचार केला आणि दिली. एकीने काहीच मागितलं नाही, नुसतं म्हणाली, "तिथून आल्यावर सगळं सांग." तीन कागद फाडले, तेव्हा चौथ्यावर सातही ड्यूट्या बसल्या.

घरी सांगणं बाकी होतं. जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, "चार बायका, एकट्या?"

"चार म्हणजे एकट्या कशा?"

"मी येतो सोबत."

"नको," मी म्हणाले. हा शब्द इतका सरळ मी त्याला कधी म्हटला नव्हता. त्याने पान पुढे सरकवलं आणि उठायला लागला.

सासूबाई भात वाढत होत्या. पक्षातला प्रवास आणि दिवाळीतली ड्युटी, दोन्ही ऐकून त्या काय म्हणतील याची मला जास्त धास्ती होती. त्या मुलाला म्हणाल्या, "बस गा खाली. तू गेलता ना मित्राईसंग पचमढीले, तीन दिवस? तवा हिनं विचारलं होतं का, काहून चालला म्हणून?" मग माझ्याकडे वळून, "तुह्या पोरीले मी पायतो. दिवाळीचं दिवाळीले पाहू."

तो बसला. भातही घेतला. दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना बसस्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा कागदावर उतरवून घेऊन आला.

आता कागद सुपरवायझर मॅडमच्या टेबलावर ठेवायचा होता. मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. आमच्या पाठीमागून फेऱ्या मारायच्या आणि कोणी लाइनवर एक शब्द जास्त बोललं तर खांद्यावर पेन्सिल टेकवायच्या. त्यांनी माझा तक्ता पसरला, चष्मा लावला आणि एकेका रकान्यावर पेन्सिल फिरवत गेल्या. मी उभी.

"कोणी केलं हे?"

"मी, मॅडम."

"एक चूक आहे." शनिवारच्या दुपारच्या पाळीवर पेन्सिल थांबली. "हिला इथं बसवलं तर तिची सलग आठ दिवस ड्युटी होते. चालणार नाही. चार वाजेपर्यंत दुसरी शोध. नाही मिळाली तर चौघींतली एक थांबेल."

मी सगळ्यांना विचारून आले. प्रत्येकीनं आधीच काही ना काही दिलेलं होतं, आता कोणाकडे काही उरलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "मी राहते वं. माह्ये गुडघे तसेही घाटातले नाहीत."

"मग कोणीच नाही जात," मी म्हणाले. आणि ते मी रागानं म्हटलं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं.

चारला मी मॅडमपुढे गेले. "नाही मिळाली."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. रिकाम्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरला. त्यांची स्वतःची सही होती.

"बोर्ड सोडून मला नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "कॉर्ड कशी लावतात ते विसरले का, पाहते." आणि मी तिथेच उभी राहिलेली बघून, "जा. तुझ्या बोर्डावर कॉलचे दिवे लागलेत."

मी हॉलमध्ये परत आले तेव्हा तिघी माझ्याकडे बघत होत्या. बोलता येत नव्हतं, कॉल चालू होते. मी चार बोटं वर केली. जबलपूरचीने हेडसेटवर हात ठेवला आणि भर ड्युटीवर "अरे वाह!" म्हणाली. तिच्या पार्टीनं नक्की ऐकलं असणार.

पुढचं सगळं चिखलदऱ्याच्या कॉलच्या फटींत ठरलं, कारण लाइनवर खाजगी बोलणं मना होतं. पार्टी येईपर्यंतचे पाच-दहा सेकंद आमचे.

"नागपूर, खोल्या पाहिल्या. इंग्रजांच्या वेळचा बंगला आहे, माळी सांभाळते... हां, पार्टी आली, बोला."

दोन दिवसांनी: "नागपूर, पांघरुणं आणा. आहेत ती पुरत नाहीत."

त्यानंतर एकदा काका काही सांगणार, तेवढ्यात मधूनच परतवाडा बोलली, "पण खालून वर येणाऱ्या गाडीचं काय? ती चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नाही." तिचा आवाज कोवळा, घाईचा. ती इतके दिवस सगळं ऐकत होती!

"तेवढं तुम्ही पाहा," काका तिला म्हणाले.

शनिवारी पहाटे आम्ही चौघी निघालो. शेंगदाण्याचे लाडू, साबुदाणा, पोळ्या, चटणी, चार घोंगड्या. धाकटीने दोन वेण्या घातल्या होत्या. अमरावतीच्या अलीकडे बसचं चाक बसलं. ड्रायव्हर-कंडक्टरनी ते बदलेपर्यंत तास गेला. मी रस्त्याच्या कडेला घड्याळ बघत उभी. इतका कागद आखला, पण चाकाला त्यात रकाना नव्हता. परतवाड्याला पोचलो तेव्हा वरची गाडी सुटायची वेळ होऊन वीस मिनिटं झाली होती.

स्टँडवर शिरलो तर गाडी उभी. आतून लोक कुरकुर करत होते. दारात निळ्या पातळातली एक काटकुळी मुलगी दांडा धरून उभी होती आणि कंडक्टर तिला विनवत होता, "बाई, आता तरी सोडा."

तिनं आमच्या घोंगड्यांकडे पाहिलं. "नागपूर?"

"परतवाडा?" मी म्हणाले.

आम्ही एकमेकींना मिठी मारली. तीन वर्षं रोज बोलत होतो आणि ही पहिली भेट, तीही मिनिटभराची. तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती. "चढा, चढा," म्हणत तिनं ताईंना मागून आधार देऊन वर चढवलं. गाडी हलली तेव्हा आतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण हाय या?" कंडक्टर म्हणाला, "टेलिफोनच्या आहेत गा. मोठ्या लोकाईच्या वरच्या."

घाटात अर्ध्यावर ढग आले. जबलपूरचीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओला पंजा आम्हा तिघींच्या गालांना लावला.

चिखलदऱ्याला पोस्टाच्या दारात एक मफलर गुंडाळलेला माणूस उभा होता. तिशीचा जेमतेम, ताईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यानं तोंड उघडलं आणि तोच भारदस्त आवाज बाहेर पडला, "या, नागपूर."

धाकटीला हसू आवरेना. "काका तुम्ही?"

"आता तरी काका म्हणू नका," तो लाजून म्हणाला. त्याची बायको दारामागून हसत होती. तिनं चहा आणला.

चहा झाल्यावर त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. "पोचल्या म्हणून सांगा." मी हजारो लोकांचे ट्रंक कॉल जोडले होते. माझा स्वतःचा हा पहिला. परतवाडा बोलली, अमरावती बोलली आणि मग एक ओळखीचा, कोरडा आवाज आला, "नागपूर."

"मॅडम, आम्ही पोचलो."

"लाइनवर खाजगी बोलणं मना आहे," मॅडम म्हणाल्या. जरा थांबून, हळूच, "थंडी आहे का गं?"

"आहे, मॅडम. खूप आहे."

संध्याकाळी काकांनी आम्हाला पंचबोलच्या कड्यावर नेलं. खाली खोल दरी. तिथं हाक मारली की ती डोंगरांवर आपटून पाच वेळा परत येते. ताईंनी बावीस वर्षं आवाज चढवला नव्हता. एक्सचेंजचा तो नियमच होता. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छातीतून ओरडल्या, "हॅलोऽऽ!" दरी उत्तर देत राहिली. ताई प्रत्येक वेळी मान हलवत होत्या, जणू दरीचं म्हणणं पटत होतं. मग आम्ही तिघीही ओरडलो, घसा बसेपर्यंत.

रविवारी सकाळी गाविलगडावर गेलो. ताई दर शंभर पावलांवर थांबत होत्या आणि आम्ही कोणी त्यांना "चला" म्हटलं नाही. दगडी दरवाज्यावरचं कोरीव काम शेवाळाखालून बोटांनी चाचपून पाहिलं. आत गवत कमरेइतकं वाढलेलं, पडके तट, एक अजस्र तोफ. पुढच्या बुरुजापर्यंत धुकंच धुकं होतं. आम्ही तिथं बसलो आणि पोळी-चटणी काढली.

दुसरा घास तोंडात असताना धुकं फाटलं. खाली सगळा वऱ्हाड पसरलेला दिसला, शेतं, नद्या, गावांचे ठिपके, नजर पोचेल तिथपर्यंत. जबलपूरची उभी राहिली. धाकटी म्हणाली, "आईला सांगितलं तर खरं वाटणार नाही तिला." तोवर माझ्या आयुष्यातल्या सगळ्या प्रवासांत मला कोणीतरी नेलेलं होतं, शाळेनं, वडिलांनी, लग्नानं. इथवर मात्र मी आणलं होतं, स्वतःला आणि या तिघींना.

परतीची गाडी एकची होती. मी घड्याळ पाहिलं.

"निघायचं का वं?" ताईंनी विचारलं. त्यांनी चपला काढून पाय उन्हात पसरले होते.

"वेळ आहे," मी म्हणाले. "बसा."