न पाहता आणलेली सही

महापालिकेच्या जिन्याखाली एक घडीचं टेबल, त्यावर प्रिंटर आणि गोंदाची बाटली, आणि टेबलामागे अर्जताई. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक. कुणाला मैदानात व्याख्यान ठेवायचं असो की रस्ता अडवून सायकलींची शर्यत घ्यायची असो, माणूस आधी वरच्या मजल्यावर चार टेबलांवरून टोलवला जायचा आणि मग घाम पुसत खाली ताईंकडे यायचा. पोलिसांची परवानगी वेगळी, लाउडस्पीकरची वेगळी, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला वेगळा. कोणता कागद आधी कुणाकडे न्यायचा, कोणते साहेब चहाआधी खेकसतात नि चहानंतर सही करतात, हे ताईंना तोंडपाठ. "या इमारतीत पंखासुद्धा वरच्या सहीशिवाय फिरत नाही," त्या म्हणायच्या. पण त्यांनी हात लावला की फाईल पळायची.

आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांच्या होत्या आणि धाकटा भाऊ आठ. त्याला त्यांनीच वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचं करून दिलं. भाऊ लाउडस्पीकरचं काम करायचा. बोलका, लाघवी. घरात चहा मागायचा तोही "हॅलो, चेक, चेक" म्हणून. त्याची चार वर्षांची मुलगीही तसंच म्हणायला लागली, तेव्हा भावजयीने कपाळाला हात लावला होता.

त्या वर्षी एका जुन्या सभागृहात शाळांची गाण्याची स्पर्धा ठरली. सगळे कागद झाले, अग्निशमनचा दाखला तेवढा अडला. पाहणी करणारे साहेब रजेवर होते. आदल्या दिवशी दुपारी भाऊ ताईंच्या टेबलापाशी आला.

"ताई, उद्या कार्यक्रम आहे. पोरं महिनाभर घसा फोडतायत. कर ना काहीतरी."

"पाहणी झाल्याशिवाय देत नाहीत रे."

"तू शब्द टाकलास की देतील. आणि बघायचंय काय तिथे? चार भिंती नि खुर्च्या. मी तर नेहमीच असतो तिथे."

ताई वर गेल्या. रजेवरच्या साहेबांच्या जागी बसलेल्या माणसाला म्हणाल्या, "मी सांगते ना, सगळं ठीक आहे." त्याने सही केली.

रंगमंचाशेजारच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून मोडक्या खुर्च्यांची चळत लावलेली होती. पाहणीला कुणीही गेलं असतं तरी पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं. भावाला ते इतकं सवयीचं झालं होतं की दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास पडद्याच्या दिव्यांपाशी ठिणगी उडाली. ताई आवारात उभ्या होत्या, उशिरा आलेल्या एका शाळेला वाट दाखवत. आत जागा न मिळालेल्या पालकांसाठी भावाने बाहेर एक कर्णा लावला होता. त्यातलं गाणं मध्येच थांबलं आणि भावाचा आवाज आला, नेहमीसारखाच, मजेत बोलल्यासारखा.

"कुणी पळायचं नाही. शेवटची रांग आधी. हात धरा एकमेकांचे. शाब्बास! आता त्यांच्या पुढची रांग."

मोठ्या दारातून पोरं रांगेने बाहेर येत राहिली. दोनशेच्या वर पोरं. एकालाही खरचटलं नाही. भाऊ माईक घेऊन उभा होता त्या रंगमंचावर मात्र धूर भरत गेला. कर्ण्यातून खोकला ऐकू आला, मग, "मागचं दार... मागचं दार उघडा कुणीतरी."

ताई धावत मागे गेल्या. दगडाने कुलूप फोडलं, दार ढकललं. ते चार बोटं उघडलं आणि अडलं. अग्निशमनच्या जवानांनी त्याला बाहेर आणलं तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशी बसली. ताईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून गेल्या. "सही मी आणली, न पाहता." चौकशी करणारे अधिकारी कागद चाळून म्हणाले, "बाई, तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही दुःखात आहात. घरी जा."

"मला कुणी धड दोषसुद्धा देईना," ताई मला पुढे कधीतरी म्हणाल्या.

मग त्यांनी भावजयीला सांगितलं. ती मुलीच्या फ्रॉकांच्या घड्या घालत होती.

"त्यांनीच हट्ट धरला असेल," ती म्हणाली.

"हो."

"मग तुम्ही नाही म्हणायचं होतंत, वन्सं. माझं त्यांनी कधी ऐकलं नाही. तुमचं ऐकायचे."

आठवड्याभरात ती मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, माहेरी निघून गेली. भाचीच्या वाढदिवसाला ताई फ्रॉक पाठवायच्या, तो तसाच परत यायचा. पुढे पुढे मापाचा अंदाजच येईना. मग पाठवणं थांबलं.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यानंतर. आमच्या वाचनालयाचा कार्यक्रम होता, मी तिथला ग्रंथपाल. ताई स्वतः जागा पाहायला आल्या आणि प्रत्येक दार ढकलून बघू लागल्या. मागचं जाळीचं दार गंजून बसलं होतं.

"हे उघडेपर्यंत अर्ज भरणार नाही."

"अहो ताई, चाळीस माणसं येणार. मी रोज असतो इथे, कधी काही झालं नाही."

"रोज असता, म्हणूनच दिसत नाही तुम्हाला."

मी चिडलो. चार ठिकाणी त्यांच्या नावाने बोटं मोडली, पण दार दुरुस्त करून घेतलं. त्या पुन्हा आल्या, ते तीनदा उघडलं, मिटलं, आणि त्याच पायरीवर बसून त्यांनी मला हे सगळं सांगितलं. असा वेळ लावणाऱ्या बाईकडे कोण थांबणार? गिऱ्हाईक हळूहळू दुसरीकडे वळलं होतं.

गेल्या वर्षी भाचीचं लग्न झालं. आमंत्रण आलं नाही. येईल असं ताईंनी धरलंही नव्हतं. दोन बस बदलून त्या आदल्या दिवशी दुपारी लग्नाच्या हॉलवर गेल्या; पत्ता त्यांना लाउडस्पीकरच्या एका अर्जावरून कळला होता. चारही दारं उघडून पाहिली. एकाची कडी घट्ट होती, ती पहारेकऱ्याकडून तेल मागून सैल केली.

"मुलीकडच्या का तुम्ही?" त्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "ऑफिसातून आले."

लग्न नीट पार पडलं, एवढं त्यांना कुणाकडून तरी कळलं. भाची उंच झालीय का, दिसायला कुणावर गेलीय, हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि विचारायला त्या जाणार तरी कुणाकडे?