पित्तराचा शब्द

वर्षातून एक दिवस मी माझ्या मित्राचा बाप होत असे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्या कुळातला एकजण जेवायला बोलावतात. त्याला पित्तर म्हणायचं. त्याचं पोट भरलं की गेलेल्याचं भरलं, आणि पाटावर बसून तो जे बोलेल तो गेलेल्याचा शब्द. मित्राचे वडील वारले तेव्हापासून त्यांच्या पाटावर मीच बसत आलो. एरवी मला ‘ए मास्तर’ अशी हाक मारणारा हा गडी त्या दिवशी परातीत माझे पाय धुवायचा, गंध लावायचा आणि ‘बाबा, घ्या न अजून’ म्हणत पुरणपोळीवर तूप ओतायचा. मला हसू यायचं, पण बरंही वाटायचं. बायको गेली, मुलगी हैदराबादला राहते. इतक्या आग्रहानं वाढणारं मला दुसरं कोणी उरलेलं नव्हतं.

बाकीचे दिवस आम्ही भांडायचो. मेडशीच्या एसटी थांब्यासमोर चहाची टपरी आहे, तिथं. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेला, तो घरची सोयाबीन-तूर बघणारा, आणि भांडण कशावरून, तर जगाच्या तापमानावरून. टीव्हीवर दोघांना समोरासमोर बसवून ओरडायला लावायचे, की दुसऱ्या दिवशी तेच आमच्या बाकावर.

“एक म्हनते हाये, एक म्हनते नाई,” तो म्हणायचा. “मंग झालं न बरोबरीत!”

“अरे, खुर्च्या दोन मांडल्या म्हणून बरोबरी होत नसते,” मी म्हणायचो. “एका खुर्चीमागं जगभरचे अभ्यास करणारे उभे आहेत. दुसऱ्या खुर्चीमागं फक्त ती खुर्ची आहे.”

“मले एक सांग मास्तर, आपन लहान होतो तवा रोडचं डांबर इतघयत नव्हतं काय? चपला चिकटून राहेत. तवा कोनतं आलं होतं तुयं ग्लोबल वार्मिंग?”

टपरी हसायची. हसणारे नेहमी त्याच्या बाजूला, कारण तो गमतीदार आणि मी कंटाळवाणा. एका उन्हाळ्यावरून हवामान ठरत नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदी बघाव्या लागतात, हे मी बोलायला लागलो की कोणीतरी बसची चौकशी करायला उठायचं. शंका घ्या, असं मीच वर्गात शिकवायचो. पण शंका घेणारा उत्तर आल्यावर ते ऐकून घेतो. ह्याला उत्तर नकोच असायचं, आणि त्यानं माझं डोकं फिरायचं. त्याला ते का नको होतं, हे मात्र मला फार उशिरा समजलं.

त्याचा एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो कधीतरी परत येऊन शेत सांभाळेल म्हणून मित्रानं घरावर एक खोली चढवली होती, तिला निळा रंगही दिला होता. खोली बंदच असायची.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला मी पाटावर बसलो होतो. चिंचवणी, कुरडया, वडे, सगळं ताटात आलं होतं. पहिला घास घेतला आणि मित्रानं खिशातून मोबाईल काढला, पुण्याला लावला आणि आवाज मोठा करून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

“बाबा,” तो मला म्हणाला, “तुमचा नातू हाये. तो येत नाई म्हनते. मास्तरकाकाच म्हनतात इथं पुढं शेती होनार नाई, असं मले सांगून राह्यला. तुमी सांगा त्याले. हा उन्हाचा फेरा हाये, दोन-चार सालात उलटते. तुमचं आयकन तो.”

मी शेती होणार नाही असं कधी म्हटलं नव्हतं. अवघड होत जाईल, बियाणं बदलावं लागेल, पाणी अडवावं लागेल, असं म्हणायचो. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. माझ्यासमोर हात जोडून बसलेला माणूस टपरीवरचा वाद घालतच नव्हता. फेरा आहे असं तो म्हणत होता, कारण फेरा असेल तर तो उलटेल, आणि उलटला तर पोरगा येईल. इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

तसं म्हणून टाकायला काय हरकत होती? बोलणारा मी नव्हतोच, त्याचे वडील होते. त्यांनी बिनदिक्कत म्हटलं असतं. मी हातातला घास ताटात ठेवला.

“बाळा,” मी म्हणालो, “उन्हाबद्दल मला खोटं सांगता येत नाही. पण तुझ्या बापाला तू हवा आहेस. तो एकटा पडलाय. ते तो तुला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.”

पलीकडून “बरं काका,” असं आलं. काका, आजोबा नव्हे. मित्रानं फोन बंद केला. त्याचं तोंड उतरलं होतं. मी उन्हाचं खरं बोललो ते त्यानं एकवेळ सोसलं असतं, पण त्याचं आतलं मी पोराला सांगून टाकलं, ते त्याला सोसवलं नाही.

“जेवा,” तो म्हणाला. पित्तराला अर्धपोटी उठवत नाहीत. त्यानं सगळं रीतसर वाढलं, विडा दिला, पायावर डोकंही ठेवलं. पण बाबा म्हणाला नाही.

त्यानंतर टपरीवर तो दुसऱ्या बाकावर बसू लागला. तापमानवाढीचं कोणी काढलं तर तो चहा तसाच टाकून निघून जायचा. वादात मला अडवणारं कोणी राहिलं नाही. मीही बोलेनासा झालो.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्याचं बोलावणं आलं नाही. तरी मी सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसलो. आमच्या अंगणांच्या मध्ये एकच भिंत आहे. दुपारी तिकडून परातीचा आवाज आला, मग त्याचा. “बाबा, घ्या न अजून.” ‘पुरे, पुरे’ म्हणणाऱ्या आवाजावरून ओळखलं, पाटावर आमच्याच गल्लीतला एक निवृत्त कंडक्टर बसला होता. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. लाज वाटत होती, तरी राहिलो. फोन लागल्याचं ऐकू आलं आणि कंडक्टर मोठ्यानं, जेवता जेवता म्हणाला, “पोरा, हा फेरा हाये. उलटते. तू ये.”

पोरगा काय म्हणाला ते त्यांच्या कूलरच्या घरघरीत समजलं नाही. भिंत इतकी तापली होती की हात ठेववत नव्हता. मी तो काढला नाही. कंडक्टरचं खरं ठरो, मी साफ चुकीचा ठरो, असं मला आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून वाटलं, आणि तसं होणार नाही हे मला माहीत होतं.