तिसरी पुंगळी

जगात कुठल्याही दोन वस्तू एकसारख्या असतात यावर अजिबात विश्वास नसलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका वर्कशॉपमध्ये मामा डाय, म्हणजे पोलादी साचे बनवतात. नेमबाजाच्या रायफलीतून गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती त्या रायफलीच्या पोटात फुगून तिचाच आकार घेते. पुन्हा वापरायची तर साच्यात घालून किंचित आवळावी लागते. तयार साचे सगळ्या रायफलींना चालावेत म्हणून पुंगळीला गरजेपेक्षा जास्त पिळतात. मामा मात्र गिऱ्हाइकाने स्वतःच्या रायफलीतून उडवलेल्या तीन पुंगळ्या मागवतात आणि त्या एकाच रायफलीसाठी साचा करतात. "पितळाच्या लक्षात राहतं, जावईबापू. त्याला अर्ध्या केसाइतकंच मागं सारायचं. जास्त दाबलं की दमतं, मग तडकतं." एवढं सांगणाऱ्या मामांनी स्वतः आयुष्यात बंदूक उडवलेली नाही. दिवाळीत टिकल्या फुटल्या तरी ते कानात बोटं घालतात.

तयार मापाचं काहीही त्यांना सोसत नाही. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन सूत खाली आहे, असं त्यांनी शारजातल्या शिंप्याला इतक्यांदा पटवलं आहे की ते दिसताच तो शटर अर्ध्यावर ओढतो. रविवारी आमच्याकडे जेवायला येताना खिशात मायक्रोमीटर असतो. एकदा त्यांनी ताटातल्या चार पुऱ्या मोजल्या आणि चारही वेगळ्या जाडीच्या निघाल्यावर समाधानाने मान हलवली. बायको म्हणाली, "मामा, खायच्या आहेत त्या, कुठे बसवायच्या नाहीत!" आमची लेक म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ पुरी!" मामा गंभीरपणे म्हणाले, "जस्ट पुरी असं काही नसतं, बाळ."

गेल्या हिवाळ्यात मात्र हे वेड त्यांच्या व्हिसावर आलं. रास अल खैमाच्या एका वृद्ध अरबाबनी, इथे मोठ्या माणसाला असंच म्हणतात, साच्यासाठी तीन पुंगळ्या पाठवल्या होत्या. मामांनी मापं घेतली आणि काम थांबवलं. तिसरी पुंगळी दुसऱ्या रायफलीची होती, आणि दोनच पुंगळ्यांवर ते साचा करत नाहीत. त्यांचा मॅनेजर सात माणसांच्या वर्कशॉपचा व्हाइस प्रेसिडेंट आहे आणि त्याचं कार्ड वाचायला चष्मा नीट पुसून घ्यावा लागतो. तो म्हणाला, "मामाजी, ऍव्हरेज निकालो. यल्ला, खलास करो."

"साहब, ऍव्हरेज किसी को नहीं बैठता," मामा म्हणाले.

मामांचा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता आणि नव्या कागदावर सही मॅनेजरची लागणार होती. गुरुवारपर्यंत डाय नाही तर सही नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. साठी ओलांडलेल्या माणसाला इथे दुसरी नोकरी कोण देणार? बायकोने फोनवर गयावया केली, "द्या ना बनवून, मामा. त्या अरबाबला काय कळणार आहे?"

"पितळाला कळेल ना," मामा म्हणाले.

गुरुवारी सकाळी, सामान आवरायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून, मी हमरियाला गेलो. समुद्रावरून आलेलं धुकं अजून शेडच्या दारात रेंगाळत होतं, आणि त्यातून अरबाब स्वतःच आत आले. मॅनेजर कॉफी आणि ब्रोशर घेऊन धावला. मामांनी पुढे होऊन तिसरी पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली. "अरबाब, ये आपका नहीं है."

म्हातारा ती बोटांत फिरवू लागला. मग आपल्या जुन्या वळणाच्या हिंदीत म्हणाला, "मेरे भाई का होगा." दोघा भावांनी एकाच दिवशी एकसारख्या दोन रायफली घेतल्या होत्या. पुंगळ्या एकाच पेटीत पडत. रमजानमध्ये धाकटा गेला. "बाकी का भी बता सकते हो?"

गाडीतून पेटी आली. मामा स्टुलावर बसले आणि एकेक पुंगळी मायक्रोमीटरमध्ये धरू लागले. "आपका... भाई का... भाई का..." दारातून उन्हाची तिरीप आली आणि सगळं पितळ मधासारखं दिसू लागलं. कुणीतरी मशीन बंद केलं. व्हाइस प्रेसिडेंट ट्रे धरून उभा होता, आणि तो मला पहिल्यांदाच शोभून दिसला. किती वेळ गेला कोण जाणे. त्या दोन शब्दांच्या लयीत मला गुंगी आल्यासारखं झालं होतं.

शेवटी दोन ढीग झाले. मॅनेजरने विचारलं, "सर, दो डाय बना दें?"

"एक," अरबाब म्हणाले. भावाचा ढीग त्यांनी दोन्ही हातांनी पेटीत भरला. "इसको दबाना नहीं." मग जाता जाता मॅनेजरला म्हणाले, "डाय ये आदमी बनाएगा. जितना टाइम माँगे, दो." सही त्याच संध्याकाळी झाली.

घरी येताना मामा माझ्या गाडीत होते. शारजाचे दिवे दिसू लागल्यावर एकदम म्हणाले, "एका पुंगळीवर हात अडला होता, जावईबापू. माप बरोबर मधलं. दोघांपैकी कुणाचीही असती."

"मग?"

मामांनी खिशातला मायक्रोमीटर चाचपला. "भावाकडे टाकली."