टाकीमागचे आबा

माझे आबा वारले त्याला सतरा वर्षं झाल्यावर मी त्यांचा पहिला रंगीत फोटो काढला.

काढला म्हणजे, तो निघाला. मी आकाशाचा काढत होतो!

मी सौसरला एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या हिवाळ्यात मला अख्खं आकाश एकाच फोटोत धरणारा कॅमेरा घरीच बनवायची हुक्की आली. बेडकाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग, तळहाताएवढा कॉम्प्युटर, हे सगळं बसवायला प्लास्टिकचा जाड पाईप आणि वरून पारदर्शक घुमट. घुमटावर दव बसू नये म्हणून आत बारकासा हीटर. (पहिला हीटर एवढा तापला की घुमट पापडासारखा वाकला. त्या दिवसापुरतं आम्हाला अष्टावक्र आकाश दिसलं.) रात्रभर या कॅमेऱ्यानं आपोआप फोटो काढायचे आणि सकाळी ते जोडून मला व्हिडिओ द्यायचा, अशी योजना.

"आकाश डोळ्यानं दिसत नाही का?" माझी बायको वैशाली म्हणाली.

"दिसते. पण झोपल्यावर नाही दिसत."

"मंग झोपल्यावर ते पाह्यलं कायले पायजे?"

कॅमेरा तर तयार होता. मी तो छतावर बसवला. भिंग इतकं रुंद की वर तारे आणि कडेला गोल फिरून आमचं छत, कपडे वाळवायची तार आणि पाण्याची काळी टाकी, सगळं एकाच ताटात वाढल्यासारखं दिसायचं.

चौथ्या सकाळी चहा पिताना मी कौतुकानं फोनवर व्हिडिओ आईला दाखवला. तारे सुंदर फिरत होते. आई ताऱ्यांकडं बघतच नव्हती.

"संजू, थांबव. हे कोन हाये?"

टाकीजवळ एक पांढरी आकृती उभी होती. टक्कल, जरासा बाक, अंगात बंडी. आणि तिच्यातून आरपार टाकी दिसत होती!

"अवं माय!" आईनं डोक्यावर पदर घेतला. "हे तं मामाजी हायेत!" मामाजी म्हणजे तिचे सासरे, आमचे आबा.

बाबांनी फोन हातात घेतला. त्यांना बिनसाखरेच्या चहाचा ठसका लागला. मग ते गंभीर चेहरा करून म्हणाले, "बाबाच हायेत."

आता इथं मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून उभं राहायला हवं होतं. राहिलोही. मी सांगितलं की भूत वगैरे काही नसतं, हा दवातून वाकलेला प्रकाश आहे.

"प्रकाशाले बंडी राह्यते का?" आईनं विचारलं.

"वरच्या हवेची नैसर्गिक चमक बी असू शकते."

"टाकीमागं?"

बाबांवर संशय यायचं कारणच नव्हतं. त्यांचे गुडघे दुखतात. दिवाळीपासून ते एकदाही छतावर चढले नव्हते. वाळलेले कपडे आणायला सांगितलं की नुसतं जिन्याकडं बघूनच कण्हायचे. शिवाय त्यांना साखरेचा त्रास, त्यामुळे वैशाली दर रविवारी त्यांचं बोट टोचून शुगर पाहते. असा माणूस रात्री पायऱ्या चढेल, हे भुतापेक्षा अशक्य होतं.

आईनं त्याच संध्याकाळी टाकीजवळ वाटीत संत्र्याच्या बर्फीचे दोन तुकडे ठेवले. आबांचा जीव बर्फीत अडकला असेल, हे तिचं निदान. सकाळी वाटी रिकामी! व्हिडिओत आबा पुन्हा आरपार उभे.

"खाल्ली व मामाजीनं!" आईचे डोळे भरून आले.

"दोनच तुकडे ठेवले होते का?" बाबांनी हळूच विचारलं. "नाई, बाबाले भूक जास्त होती. पेढे बी आवडत होते त्याइले. अन् बालूशाही."

पुढच्या आठवड्यात आबांनी पाव किलो पेढे, चार अनारसे आणि गुलाबजामाचा एक डबा पाकासकट संपवला. रविवारी बाबांची शुगर दोनशे ऐंशी आली.

"टेन्शन हाये," बाबा म्हणाले. "बाप असा टाकीपाशी भटकून राहिला. पोराची शुगर वाढनार नाई तं काय?"

मी मात्र हट्टाला पेटलो होतो. त्यातला एक फोटो मी आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांच्या ऑनलाइन गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या भागात आढळलेला दुर्मिळ प्रकाश. जाणकारांनी खुलासा करावा.' दुपारी एका जाणकाराचा खुलासा आला: 'सर, आपल्या दुर्मिळ प्रकाशाच्या खिशात चष्मा आहे.'

मी तो गट सोडला. लोकांना गांभीर्य नाही!

तोवर बातमी पांढुर्ण्याला आत्याकडं पोचली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिनं आबांच्या मनाविरुद्ध स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं, आणि आबा शेवटपर्यंत तिच्याशी धड बोलले नव्हते. ती पौर्णिमा पाहून बसनं आली. पौर्णिमेला आत्मा चांगला दिसतो म्हणे. सोबत बालूशाहीचा मोठा खोका. आल्या आल्या खोका माझ्या हातात दिला आणि जिन्याच्या पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडली.

"संजू, बाबा मले माफ करतीन का रे?"

त्या क्षणी पहिल्यांदा मला यातली गंमत वाटेनाशी झाली. प्रकाश वाकतो वगैरे सोडून मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. आत्यानं एका चिठ्ठीवर लिहिलं, 'बाबा, तुमचं ऐकलं नाही. माफ केलं का?' चिठ्ठी बालूशाहीच्या ताटाखाली ठेवली आणि खाली येऊन झोपली. त्याआधी जेवताना बाबांनी तिच्याकडं बघायचं टाळलं होतं.

सकाळी आत्या सगळ्यांच्या आधी छतावर गेली आणि ओरडतच खाली आली.

"उत्तर आलं! वयनी, बाबाचं उत्तर आलं!"

चिठ्ठीच्या मागं लिहिलं होतं: 'कधीच माफ केलं. तू सुखी राहा. बालूशाही ताजी होती.'

आई रडली, आत्या रडली, मीही नाक पुसलं. (हो, मी. विज्ञानाचा शिक्षक.) फक्त वैशाली चिठ्ठी उलटीपालटी करत होती.

"आत्या," ती शांतपणे म्हणाली, "आबा तं अंगठा लावत होते नं? त्याइले लिहिता कुठं येत होतं?"

आत्यानं चिठ्ठी तिच्या हातातून ओढून घेतली.

"वरतं गेल्यावर शिकले असतीन," बाबा घाईनं म्हणाले. "तिथं टाइम राह्यते मानसाले."

"अन् त्याइनं खाल्लेली साखर तुमच्या रक्तात कशी येऊन राहिली, बाबा?"

बाबांनी गुडघा दाबून कण्हायला सुरुवात केली. वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. "तुमचा रात्रीचा व्हिडिओ लावा. टीव्हीवर लावा."

मी लावला. आणि इथं माझं विज्ञान मला आडवं आलं. अंधाऱ्या रात्री माझा कॅमेरा एकेका फोटोसाठी अर्धा-अर्धा मिनिट उघडा राहतो. त्यातला थोडाच वेळ माणूस उभा राहिला तर तो फिका, आरपार उमटतो. हे मी नववीच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवतो! पण पौर्णिमेच्या चांदण्यात उजेड भरपूर, म्हणून कॅमेऱ्यानं आपोआप झटपट फोटो काढले होते. त्यात आरपार काहीच नव्हतं.

बत्तीस इंची टीव्हीवर आमचे बाबा आले. ठणठणीत. पायऱ्या दोन-दोन एकदम चढून. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी चंद्राकडं धरून वाचली, बराच वेळ तशीच धरून ठेवली, बंडीच्या टोकानं डोळे पुसले, टाकीवर कागद ठेवून काहीतरी लिहिलं. मग मान मागं टाकून, तोंड आकाशाकडं उघडं करून, बालूशाही अख्खीच्या अख्खी आत सोडली. मग दुसरी. मग तिसरी.

"सहा!" आई ओरडली. "सहा खाल्ल्या या मानसानं! अन् मी याले उदबत्ती ओवाळून राहिली!"

"मी पह्यल्या दिवशी सांगनारच होतो," बाबा पुटपुटले. "मी आपली टाकीमागं लपवलेली चिक्की खायले गेल्तो. पन तुम्हीच बर्फी ठेवली नं."

सगळ्यांनी आत्याकडं पाहिलं. ती चिठ्ठी मुठीत धरून बसली होती. मला वाटलं, आता फाडते. ती आधी बाबांच्या पाठीत धपाटा घालून मोकळी झाली, आणि मग एवढी हसली, एवढी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. "बाबा गेल्यावर तूच नं मोठा, दादा," ती धाप टाकत म्हणाली. "तू केलं म्हनजे झालं." चिठ्ठी तिनं पर्समध्ये ठेवली. उरलेला बालूशाहीचा खोका मात्र परत नेला.

बाबांना आता सकाळ-संध्याकाळ दहा वेळा जिना चढून दाखवावा लागतो. आई खाली खुर्ची टाकून मोजते.

आणि कॅमेरा? "तारे कुठं पळून नाई राहिले," असं म्हणून आईनं तो छतावरून उतरवायला लावला आणि स्वयंपाकघरात फ्रिजसमोर बसवून घेतला. घुमटासकट. बाबांवर नजर म्हणून.

पहिल्याच सकाळी तिनं सगळ्यांसमोर टीव्हीवर फोटो लावला. फ्रिजचं दार उघडं, आतला दिवा लख्ख, आणि त्या उजेडात मी. डाव्या हातात दुधाचं पातेलं, उजव्या हाताची चारही बोटं तोंडात, ओठांवर साय, डोळे समाधानानं मिटलेले.

आई उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"पन फोटो साजरा आला बाप्पा," ती म्हणाली.

एवढ्या महिन्यांत माझ्या कॅमेऱ्याचं घरात झालेलं ते पहिलं कौतुक. मी मान खाली घालून थँक्यू म्हणालो.