डाव्या कानाच्या दोन चिरा

नरडाण्याजवळच्या आमच्या धनगरवाड्याचं कुरण पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बंद असे. गवताचं बी जमिनीवर पडल्याशिवाय आत मेंढी सोडायची नाही. आपल्यातला कुणी चुकला, तर त्याचा एक मेंढा कापून वाड्यात वाटायचा. बाहेरचा असेल तर काठी. त्या पावसाळ्यात आम्ही सात कळप पकडले होते. चार आमचेच होते आणि चार मेंढे वाटले गेले. बाकी तिघांना काठ्या बसल्या.

आठवा कळप दिसला तेव्हा राखणीला आम्ही तिघे होतो. आमच्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा असतो. या पाठी कोऱ्या होत्या.

"कोठला रे तू?"

"पारोळाकडला. नानाना जवाई शे मी."

नाना वाड्याचे प्रमुख. त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही कळप घेऊन नाशिककडे होतो, जावई पाहिलेला नव्हता.

"सर्वा चोर जवाईच ऱ्हातस," आमच्यातला एक म्हणाला, आणि आम्ही हसून मारायला लागलो.

माझ्या काठ्या चार. दोन पाठीवर, एक मांडीवर. चौथी त्याने उजव्या हातावर झेलली. कोपरातून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला तरी दुसऱ्याच्या काठ्या चालूच होत्या. तिसऱ्याने दगड घालून एका मेंढीचा पाय मोडला. तिला ओढायला मी कान धरला, तर बोटांना कानावरच्या दोन चिरा जाणवल्या. डाव्या कानाला दोन चिरा ही आमची खूण. मेंढ्या नानांच्याच होत्या, आदल्या दिवशी कातरलेल्या. लोकरीबरोबर गेरू गेला होता. कान मात्र आमच्यातल्या एकानेही पाहिला नव्हता.

नाना आले. जावयाचा लोंबणारा हात त्यांनी पंच्याने गळ्यात बांधला.

"आपला शे हाई आधी समजतं, तर तुम्ही मारतात का रे?"

"नसतं मारलं," मी म्हणालो.

नियमाप्रमाणे नानांनी मेंढा दिला. माझ्या घरी आलेला वाटा मी खाल्ला नाही. बाकीच्यांनी खाल्ला.

हात सरळ झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात जावई आमच्या वाड्यातच राहायला आला आणि राखणीची पाळी माझ्याबरोबर मागून घेतली. एका दुपारी अनोळखी कळप आत शिरला.

"आधी कान पाहा," मी म्हणालो.

त्याने एक मेंढी धरून डावा कान उलटा केला. तो अखंड होता. मेंढी सोडून त्याने डाव्या हातात काठी घेतली आणि कळपामागच्या मेंढपाळाच्या डोक्यात घातली.

मी थांबवलं नाही.