चहाच्या टपरीवरच्या चिमण्या

चौथीत शाळा सुटली, म्हणून मी ऑटो चालवतो. मागं शिकलेले बसतात, एवढाच माझा शिक्षणाशी संबंध. मागच्या वर्षी पुण्याच्या एक मॅडम बसल्या. बेंगळुरात चिमण्या कुठं कुठं उरल्यात, त्याचा नकाशा करायचा होता त्यांना. "दादा, सगळं शहर फिरवा, थांबायच्या जागा तुम्हीच ठरवा," म्हणाल्या. माझ्यावर सोडलं. यावरून त्या अभ्यासाची लायकी ओळखा.

मी ठरवल्या. ऑटो लावता येतो, पोलीस हाकलत नाही आणि चहा बरा मिळतो, ती जागा. चिकपेटच्या बाजारातल्या गर्दीत कोण घुसणार? आणि चामराजपेटला आमच्या गल्लीत तर मुळीच नाही. बायकोला ऑटो दिसला की ती सिलेंडर आणायला पिटाळते. टपरीपाशी बनचा चुरा पडलेला, चिमण्या टिपतायत, आणि मॅडम पायाजवळच्या चिमणीला दुर्बीण लावून उभ्या. मी आणखी बन कुस्करून टाकायचो. काम लवकर उरकायला.

नकाशा झाला. लॅपटॉपवर बघतो तर माझ्या चहाच्या टपऱ्या ओळीनं. आमची गल्ली कोरी.

बायको त्याच नकाशाची वाट बघत होती. समोरच्या धान्याच्या गोडाऊनला मालक जाळी मारणार होता, आणि पत्र्याखालच्या फटींत चिमण्यांची घरटी. तिनं गयावया केली तेव्हा तो म्हणालेला, "सरी अक्का, ठीक आहे, नकाशात आल्या तर फटी सोडतो."

"नकाशात नाहीत?" बायको म्हणाली. "मग सकाळी मोरीत ओरडतात त्या कोण, तुमच्या मावश्या?"

मॅडमना सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. "दादा, कोरं म्हणजे चिमण्या नाहीत असं नाही. कोरं म्हणजे आपण गेलोच नाही."

हेच मालकाला सांगायला गेलो. तो म्हणाला, "न बघितलेल्या गावाचा नकाशा काढता होय?"

मग मॅडमनी सगळ्या गल्ल्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घातल्या. निघेल तिथं जायचं, माझी अक्कल बंद. आमची गल्ली आधी घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, निवडून गेलं की पुन्हा तीच चूक. हेब्बाळला काचेच्या इमारतींपाशी उन्हात उभं राहून शून्य लिहिलं. म्हणे शून्यही लिहावं लागतं. शून्य बघायला गिऱ्हाईक घेऊन एवढ्या लांब मी पहिल्यांदाच गेलो.

आमच्या गल्लीची चिठ्ठी निघाली तोवर जाळी लागली होती. मॅडमनी बराच वेळ दुर्बीण फिरवली आणि शून्य लिहिलं.

बायको दारातच होती. "झाला एकदाचा तुमचा नकाशा खरा," म्हणाली, आणि रिकामा सिलेंडर मॅडमच्या शेजारी सीटवर ठेवला.